फ्रेशमनचे पॉइंट आणि जन्मतारखेचा रकाना: सहा महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेच्या कॉलेज आइस हॉकीतली नवी पोरं, म्हणजे पहिल्या वर्षाचे ‘फ्रेशमन’, मी एकाच मापाने मोजली: पहिल्या वर्षी सामन्यामागे किती पॉइंट. गोल केला की एक पॉइंट, गोलाला पास दिला तरी एक. मित्रांच्या फँटसी लीगसाठी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, उद्या कोण चालेल हे आजच ताडायचं होतं, म्हणून एक्सेलची शीट केली.

अगदी वरच्या टोकाला हे माप पक्कं आहे. मेन विद्यापीठाच्या पॉल करियाने १९९२-९३ मध्ये ३९ सामन्यांत १०० पॉइंट केले. पुढे एनएचएलमध्ये ९८९ सामन्यांत ९८९. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा मॅकलिन सेलेब्रिनी ३८ सामन्यांत ६४, आणि एनएचएलच्या पहिल्या मोसमात ७० सामन्यांत ६३. असे खेळाडू ओळखायला शीट लागतही नाही म्हणा.

घोळ होतो तो मधल्या फळीत. डिसेंबरात मी एक मुलगा घेतला, सामन्यामागे बरोब्बर एक पॉइंट. फेब्रुवारीत एका शनिवारी बसून त्याचे सगळे पॉइंट व्हिडिओवर पुन्हा पाहिले. निम्म्याहून जास्त पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरचा एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला. त्यातही कित्येकदा याचा पास शेवटून दुसरा. चेंडूऐवजी असते ती पक याने नुसती सरकवलेली, बचाव फोडला तो दुसऱ्याने. मग जन्मतारीख काढली. एकवीस पूर्ण! ज्युनियर लीगमध्ये वर्षं काढून कॉलेजात आलेला. सेलेब्रिनी त्याच्या अख्ख्या मोसमात सतरा वर्षांचा होता, आणि कागदावर दोघंही फ्रेशमनच. त्या रात्री जन्मतारखेचा रकाना घातला. आता पॉइंटांच्या आधी मी तोच वाचतो.

बचावपटूंसाठी मात्र हे माप वापरू नका. केल मकारचे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पहिल्या वर्षी ३४ सामन्यांत २१ पॉइंट होते. माझ्या शीटने त्याला तळाशी टाकलं असतं. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला, पुढे एनएचएलच्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी दोनदा.

तरी शीट मी मोडणार नाही, आणि ते मार्टिन सेंट लुईसमुळे. व्हरमाँट विद्यापीठात पहिल्या वर्षी ३३ सामन्यांत ५१ पॉइंट, पण पोरगा ठेंगणा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ नवी पोरं निवडतात तेव्हा, कुणी घेतलाच नाही; शीटने मात्र त्याला वर ठेवलं असतं. एनएचएलमध्ये त्याने १०३३ पॉइंट केले.