व्हिएन्नाच्या मेट्रोत अकरा महिने

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून ऑगस्ट २०२५ संपेपर्यंत कामानिमित्त व्हिएन्नात होतो. राहायला रॉयमानप्लात्सजवळ, ऑफिस काइझरम्यूलनला, दोन्ही यू-१ या लाल लाइनवर. म्हणजे रोज एकच गाडी, मध्ये कुठे बदलायची भानगड नाही. मी डोंबिवलीचा, पंधरा वर्षं फास्ट लोकल केलेला माणूस. त्यामुळे खालचं कौतुक वाचताना थोडं मीठ कमी-जास्त करून घ्या.

पहिली फजिती दाराची झाली. रविवारची सकाळ होती, प्लॅटफॉर्मवर तुरळक माणसं. गाडी आली, थांबली, आणि माझ्यासमोरचं दार उघडलंच नाही. मी सभ्यपणे उभा. दोन दारं सोडून पलीकडे एक जण उतरला, एक जण चढला, स्पीकरवर ‘त्सूग फेर्ट आब’ (गाडी सुटतेय) झालं आणि गाडी गेली. पुढच्या गाडीला पुन्हा तेच होणार होतं, तेवढ्यात मागून एका आजीबाईंचा हात आला. त्यांनी दारावरचं हँडल धरून बाजूला असा हिसका दिला की दोन्ही फळ्या सरकल्या. जुन्या चंदेरी गाड्यांना असं हँडल असतं आणि ते हलक्या हाताने ओढून चालत नाही. नव्या गाड्यांना बटण आहे. कुणी उघडल्याशिवाय दार उघडत नाही, हे ऑक्टोबरात विचित्र वाटलं होतं. जानेवारीत बाहेर शून्याच्या खाली असताना डब्यातली ऊब टिकून राहते म्हटल्यावर पटलं. आपल्याला दार हे लटकायचं ठिकाण म्हणून माहीत, उघडायची वस्तू म्हणून नाही.

दुसरी फजिती महाग पडली. इथे स्टेशनात शिरताना गेट नाही. फिरकी नाही, कार्ड टेकवायची जागा नाही, माणूसही नाही. निळ्या रंगाची एक पेटी असते, तिच्यात तिकीट घालून शिक्का मारायचा की झालं. शिक्क्यावर वेळ आणि तारीख उमटते. मी पहिल्याच आठवड्यात मशीनमधून दोन तिकिटं काढली (तेव्हा एकाला २.४० युरो), एक त्या दिवसासाठी, एक दुसऱ्या दिवसासाठी. आणि दोन्ही खिशात घालून सरळ जिना उतरलो. केप्लरप्लात्सला जीन्स आणि जॅकेट घातलेले दोघे चढले. दार बंद झाल्यावर त्यांनी ओळखपत्र काढलं. माझ्याकडे एक सोडून दोन तिकिटं होती, पण दोन्ही कोरी. कोरं तिकीट म्हणजे विदाउट. १०५ युरो. त्यांचा आवाज चढला नाही की माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही, पावती मिळाली, पुढच्या स्टेशनला ते उतरले. चूक सोळा आणे माझीच. तिथे विनातिकीट प्रवासाला ‘काळा प्रवास’ म्हणतात आणि टीसीला ‘काळ्या टोपीवाला’. टोपी केव्हाच गेली, नाव राहिलं.

त्याच संध्याकाळी वर्षाचा पास काढला. ३६५ युरो, म्हणजे रोजचा एक. शहराने २०१२ मध्ये ४४९ वरून हा दर खाली आणला आणि मी असेपर्यंत तो तसाच होता. २०२६ च्या जानेवारीपासून मात्र तो साडेचारशेच्या वर गेलाय. माझ्या वेळी महिन्याचा पास ५१ युरोचा होता, त्यामुळे आठव्या महिन्यापासून वर्षाचा पास स्वस्त पडायचा. ट्राम, बस, शहराच्या हद्दीतल्या लोकल गाड्या, सगळं त्यातच. पण पैशापेक्षा वेगळाच फायदा नंतर कळला. पास खिशात आल्यावर मी पेटीकडे बघणंही सोडलं. एका स्टेशनाचं अंतर असलं तरी पाऊस दिसला की खाली उतरायचं. दूध आणायला दोन स्टेशनं जायचो आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं वाटायचं नाही.

लाइन पाच: यू-१, २, ३, ४ आणि ६. यू-५ कुठे, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. ती आत्ता खोदताहेत, आणि तिच्यावर चालकाविना गाड्या धावणार आहेत. त्याच कामापायी यू-२ चा कार्ल्सप्लात्सकडचा तुकडा २०२१ पासून बंद होता, तो मी असताना डिसेंबर २०२४ मध्ये उघडला. दिशा शेवटच्या स्टेशनावरून ओळखायची, आपल्या इंडिकेटरसारखीच, त्यामुळे मला सोपं गेलं. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी गाडी. शुक्रवार-शनिवारी रात्रभर दर पंधरा मिनिटांनी, २०१० पासून. गाडी बदलायची असेल तर माझं आवडतं ठिकाण लेंगेनफेल्डगास्से: यू-४ मधून उतरा, त्याच प्लॅटफॉर्मवर चार पावलं टाका, समोर यू-६. याच्या उलट कार्ल्सप्लात्स. तिथे एवढं चालायला लागतं की भिंतीवर गणितातल्या π (पाय) या संख्येचे शेकडो अंक लिहून ठेवलेत ते वाचून होतात.

यू-६ बद्दल मात्र वेगळं लिहायला हवं, कारण ती बाकीच्यांची सावत्र बहीण आहे. ओटो वाग्नर या वास्तुविशारदाने १८९८ च्या सुमारास बांधलेल्या वाफेच्या शहर-रेल्वेचा मार्ग तिच्या वाट्याला आला. म्हणून ती बऱ्याच ठिकाणी विटांच्या कमानींवरून, रस्त्याच्या वरून जाते. बाकी लाइनींना वीज खालच्या तिसऱ्या रुळातून मिळते, हिला डोक्यावरच्या तारेतून, आणि डबेही ट्रामसारखे बसके. त्यामुळे दुसऱ्या लाइनची गाडी इकडे आणून गर्दी कमी करता येत नाही. संध्याकाळी वेस्टबानहोफला जी दाटी होते तिला मी ‘गर्दी’ म्हणणार नाही, डोंबिवलीकर हसतील. पण तिथले लोक त्रासलेले दिसतात. खाण्यावर बंदी पहिल्यांदा याच लाइनवर आली, सप्टेंबर २०१८ मध्ये. जानेवारी २०१९ पासून सगळीकडे. मला हे माहीत नव्हतं. एकदा बेसनाचा लाडू काढला, तर समोरच्या बाईंनी काही न बोलता काचेवरच्या स्टिकरकडे बोट केलं. अर्धा लाडू तोंडात, अर्धा हातात. गिळायचा की काढायचा? गिळला.

खाण्यावरून वास आठवला, आणि वासावरून श्टेफान्सप्लात्स. शहराच्या मधोमध, कथीड्रलच्या शेजारच्या चौकाखाली असलेलं हे स्टेशन खवट तुपासारखा वास मारतं. आधी वाटलं कुणाचे तरी मोजे. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की बांधताना मऊ जमीन घट्ट करायला जे रसायन आत सोडलं होतं, ते कुजून ब्युटिरिक आम्ल होतं, तोच हा वास. लोण्यालाही खवट झाल्यावर तोच वास येतो. म्हणजे माझं नाक बरोबर होतं. याच स्टेशनच्या खोदकामात १९७३ मध्ये तेराव्या शतकातलं जमिनीखालचं चॅपल सापडलं. ते तसंच ठेवलंय आणि स्टेशनातून काचेतून दिसतं. मी रोज तिथून गेलो आणि उतरून बघितलं ते आई आल्यावर.

आई जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी आली. पहिल्या दिवशी स्टेशनात शिरताना पेटीपाशी थबकली.

“अरे, इथे कोणी बघणारं नाही?”

“नाही.”

“मग लोक तिकीट का काढतात?”

मी दंडाची गोष्ट तिला सांगितली नव्हती, तेव्हाही नाही सांगितली. “काढतात आई,” एवढंच म्हणालो. ती गुरुवारी आली होती. आठवड्याचा पास त्या वेळी सोमवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी सकाळी नऊला संपायचा, मधल्या वारी घेतला तरी. चार दिवसांसाठी अख्ख्या आठवड्याचे पैसे. हा नियम मला अकरा महिन्यांत पटला नाही. तिला सरकते जिने आणि लिफ्ट आवडल्या. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, गुडघेदुखीवाल्यांना याहून मोठी सोय नाही. जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची, हे ती दुसऱ्या दिवशी मलाच शिकवायला लागली. उकाडा मात्र तिला सोसला नाही. जुन्या गाड्यांत एसी नाही, वरच्या खिडक्या उघडायच्या. जुलैत दुपारी त्या डब्यात बसण्यापेक्षा एक गाडी सोडून नवी येते का बघायची, हा माझा नियम झाला होता.

एका जागेसाठी मात्र मी कधीच मोबाइलमध्ये डोकं घातलं नाही. फोरगार्टनश्ट्रासे सोडली की गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि राइशब्र्यूक पुलावर येते. वरती मोटारी, त्यांच्याखाली आपली गाडी, खाली डॅन्यूब. आधीचा पूल १९७६ मध्ये एका रविवारी पहाटे कोसळला आणि हा नवा बांधताना पोटात मेट्रोची सोय ठेवली. सकाळी नदीवर धुकं असलं तर समोरच्या ऑफिसच्या इमारती दिसतच नाहीत, आणि क्षणभर वाटतं आज सुट्टी असावी.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे. वर्षाचा पास असला तरी हद्दीपासून पुढचं जादा तिकीट काढावं लागतं, आणि तिथे जाणारी एस-७ मेट्रो नाही, लोकल आहे. परत येताना दोन मोठ्या बॅगा, पाठीवर सॅक, तरी मशीनसमोर उभं राहून ते काढलं, तारीख दोनदा वाचली, शर्टाच्या वरच्या खिशात हाताशी ठेवलं. कुणीही तपासायला आलं नाही.