लठ्ठपणावर पोस्टडॉक: उंदरांची लॅब की माणसांची ट्रायल?

लठ्ठपणाच्या उपचारांवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचं ठरलं की बहुधा दोनपैकी एक निवडावं लागतं: उंदरांवर काम करणारी लॅब किंवा क्लिनिकल ट्रायल चालवणारा गट. मी दोन्हीकडे काम केलंय.

लॅबचं मोल मला पूर्ण मान्य आहे. 1994 साली लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनचं जनुक सापडलं, ते जन्मजात लठ्ठ उंदरांच्या वंशातूनच. मेंदूतल्या कुठल्या पेशी भूक आवरतात हे शोधायचं, तर उंदरांशिवाय फार पुढे जाता येत नाही. शिवाय काम आपल्या हातात राहतं. हाय-फॅट डाएटवर उंदीर तीन-चार महिन्यांत लठ्ठ होतात.

मला मात्र खोलीचं तापमान सतत खटकत राहिलं. प्राण्यांच्या खोल्या बहुतेक ठिकाणी 22 अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्याला ते सुखाचं, उंदराला थंडीच. त्याला 30 अंशांच्या जवळपास ऊब लागते. म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर अंग गरम ठेवण्यासाठीच दिवसरात्र ऊर्जा जाळतो, त्यासाठी जास्त खातो, आणि त्याच्यावरच आपण ऊर्जाखर्च वाढवणारं औषध तपासतो! तापमान वाढवून पाहू या म्हटलं की उत्तर ठरलेलं: मग जुन्या आकड्यांशी तुलना होणार नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणून वादही घालता येईना. पण पुढे कुठलाही आलेख पाहिला की हा परिणाम थंडीत नसलेल्या माणसात दिसेल का, हीच शंका यायची.

ट्रायलमध्ये सगळं सुरळीत असतं असं नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी, भरती, मध्येच सोडून जाणारे लोक यांत महिने जातात. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाची 2021 साली प्रसिद्ध झालेली मोठी ट्रायल 68 आठवड्यांची होती. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचा. म्हणून ट्रायल नुकती सुरू होत असेल तिथे शक्यतो जाऊ नये. पण त्याच ट्रायलमधल्या काही लोकांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा औषध थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. आजचा मोठा प्रश्न मला हाच वाटतो. काट्यावरून उतरता उतरता कुणी सांगतं, ‘पोट भरलेलं असतं, पण डोक्यातून जेवण जात नाही.’ पुढच्या प्रश्नावलीत काय विचारायचं, ते मला अशा बोलण्यातून कळतं.

मेंदूतल्या सर्किटांचंच वेड असेल तर लॅब घ्या, माझी हरकत नाही. मन अजून दोलायमान असेल, तर गोळा झालेला डेटा हाताशी असलेला ट्रायल गट आधी बघा. त्या डेटावर स्वतःचा पेपर लिहू देणार का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.