पॅरिसमधली सुझान लेंग्लेन टूर: जा, पण प्रश्न घेऊन जा

फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेनवरची अर्ध्या दिवसाची पायी टूर, मध्ये मेट्रोचा प्रवास, छोटा गट, इंग्रजी बोलणारी गाईड. सुरुवात रोलां गॅरोस या टेनिस स्टेडियमच्या कुंपणाबाहेर, शेवट सांत-उआंच्या दफनभूमीत सुझानच्या थडग्यापाशी. मी मुलांना टेनिस शिकवते, त्यामुळे मला स्मारकांपेक्षा खेळ हवा होता. तो मिळाला, पण मागून घ्यावा लागला.

सुरुवातीचा बराच वेळ नुसते कपडे. फॅशन डिझायनर झां पातूने तिच्यासाठी केलेले पोशाख, डोक्याला गुंडाळलेली पट्टी, सामन्याच्या मध्येच घेतलेला ब्रँडीचा घोट. ऐकायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पण पट्टी बांधून कुणी विम्बल्डन जिंकत नाही. शेवटी मीच १९१९ च्या विम्बल्डन फायनलचं विचारलं आणि बाई खुलल्या. समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स, सात वेळची विजेती, वय चाळीस. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स ६-५ ने पुढे आणि सर्व्हिस ४०-१५, म्हणजे दोन मॅच पॉइंट: दोनपैकी एक गुण मिळाला की सामना तिचा. वीस वर्षांच्या सुझानने दोन्ही वाचवले आणि १०-८, ४-६, ९-७ असा सामना काढला! वडील शार्ल कोर्टवर रुमाल टाकायचे आणि तिने चेंडू नेमका त्यावर मारायचा, असा तिचा सराव. मी रुमालाऐवजी प्लास्टिकचे शंकू ठेवते, मुलांची कुरकुर मात्र ऐकून घ्यावी लागते. पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरीच्या दहा सेटमध्ये तिने गमावले फक्त चार गेम.

सगळ्यात मोलाची गोष्ट गाईडने चालता चालता उरकली, तिथे माझा एक तारा गेला. १९२६ मध्ये सुझानने अमेरिकन प्रवर्तक पाइल याच्याशी पन्नास हजार डॉलरचा करार केला आणि व्यावसायिक झाली, म्हणजे पैसे घेऊन खेळू लागली. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्या खेळावर इतरांनी लाखो फ्रँक कमावले आणि मी मात्र स्पर्धांची प्रवेश फी भरत राहिले. अमेरिकेच्या दौऱ्यात मेरी ब्राउनशी ३८ सामने झाले, सगळे हिनेच जिंकले. पण व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धांचे दरवाजे १९६८ पर्यंत बंद होते आणि रोलां गॅरोस उभं राहिलं १९२८ मध्ये. म्हणजे जिथे आज एका कोर्टला तिचं नाव आहे आणि महिला विजेतीला तिच्याच नावाचा करंडक मिळतो, तिथली फ्रेंच स्पर्धा ती एकदाही खेळली नाही. हे कुंपणापाशी उभं राहूनच सांगायला हवं होतं. आम्हाला मेट्रोत कळलं, तेही अर्धं गोंगाटात.

पाचपैकी चार. स्टेडियमच्या आत जायला या टूरचं तिकीट चालत नाही, ते वेगळं काढा. आणि गाईडला फायनलचे स्कोअर आधीच विचारून टाका, म्हणजे पोशाखांचं प्रकरण लवकर आटपेल.