भेटपेट्यांचं प्लॅस्टिकमुक्त पॅकिंग : आखाजी ते दिवाळी वापरून आलेला अनुभव

आम्ही जळगावहून खान्देशी भेटपेट्या पाठवतो. ज्वारीचे बिबडे (मोठे जाडसर पापड), नागलीचे पापड, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, केळीचे वेफर्स. दिवाळीत त्यात मातीच्या पणत्या आणि चिनीमातीचे कप. घेणारे बहुतेक इथूनच पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेलेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरून लेकीकडे काहीतरी गेलंच पाहिजे ही रीत अजून पक्की आहे, म्हणून आमची वर्षातली पहिली मोठी गर्दी ऐन उन्हाळ्यात येते. या वर्षी त्या गर्दीच्या आधीच बबल रॅप, प्लॅस्टिकची चिकटपट्टी आणि लॅमिनेशनचे चकचकीत डबे बंद केले. ऊन, पाऊस आणि दिवाळीची घाई, तिन्ही नव्या सामानावर काढून झाल्यावर हे लिहितेय.

सामान निवडताना मी एकच प्रश्न धरून बसले: पेटी जिथे उघडेल तिथला रद्दीवाला ही वस्तू घेईल का? पाकिटावर हिरवं पान छापलेलं असणं वेगळं आणि ती वस्तू खरोखर पुन्हा वापरात जाणं वेगळं. आमच्या रद्दीवाल्या भाऊंसमोर सगळे नमुने मांडले. साधा पुठ्ठा, खाकी कागद, जाळीचा कागद (ओढला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उघडतो तो) त्यांनी लगेच बाजूला घेतला. लॅमिनेशनचा डबा हातात घेऊन म्हणाले, "ताई, हे चमकीवालं पुढे कोणी घेत नाही." चुंबकाच्या झाकणाच्या पेट्यांचंही तेच. दिसायला देखण्या, पण पुठ्ठा, प्लॅस्टिकचा थर आणि लोखंड वेगळं करत बसणार कोण?

सगळ्यात जास्त फरक पडला तो खोक्याच्या मापाने. पूर्वी एकाच मोठ्या मापाचे खोके घेऊन उरलेली जागा काहीबाही कोंबून भरायचो. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावर पैसे लावतात. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत माल किलोभरच असला तरी. तोच माल २५ × २० × १२ मध्ये बसवला की १.२ किलो. आता तीन मापांचे थ्री-प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचे खोके ठेवतो, कपांच्या पेटीला फक्त पाच थरांचा फाइव्ह-प्लाय. जाळीचा कागद आणि कागदी टेप यांचा जो जादा खर्च आहे, तो या भाड्यातल्या बचतीतून निघतो. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी माप ठरवा, मग बाकीचं सामान बघा. जे सामान लागलंच नाही, त्याचा कचराही होत नाही.

आता चिकटपट्टी. सुरुवातीला मागे आयता गोंद लावून येते ती खाकी कागदी टेप घेतली होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि धूळ तर विचारूच नका. खोक्यावर धुळीचा हात फिरला असला की ही टेप कडेने उचलायची. त्यातल्या काही टेपांच्या वर बारीक प्लॅस्टिकचा थरही असतो, मग ती घेऊन काय साधलं? शेवटी पाणी लावून चिकटवायच्या गम टेपवर आले आणि आता ती सोडणार नाही. तिच्या मागे स्टार्चचा गोंद असतो. ओला केला की पुठ्ठ्याच्या धाग्यांत मुरतो. एकदा वाळली की वरचा पुठ्ठा फाडल्याशिवाय टेप निघत नाही, त्यामुळे वाटेत कुणी पेटी उघडली तर लगेच कळतं. उन्हाळ्यात मात्र हात चालता ठेवावा लागतो. दुपारी पत्र्याखाली काम करताना स्पंजवरून ओढलेली पट्टी पेटीपर्यंत नेईस्तोवर सुकते. एका वेळी एकच तुकडा ओला करायचा, लगेच बसवायचा आणि मधून कडेकडे कापडाने दाबत न्यायचं. काम सकाळी आटोपलं तर उत्तमच.

जाळीचा कागद कपांसाठी बबल रॅपच्या तोडीस तोड निघाला. पण पूर्ण ताणायला हवा. अर्धवट ताणला तर घरं उघडत नाहीत आणि कप नुसता कागदात गुंडाळल्यासारखा राहतो. दोन वेढे दिले की घरं एकमेकांत अडकतात, टेप लागत नाही. पणत्या एकीत एक न घालता दोघींच्या मध्ये कागद घालून उभ्या ठेवतो.

बिबड्यांचं गणित वेगळं. बिबडा वरून पडणाऱ्या भाराने क्वचित मोडतो, कडेला बसलेल्या धक्क्याने मोडतो. चळतीच्या खाली-वर पुठ्ठ्याची गोल चकती, चकती बिबड्यापेक्षा बोटभर मोठी, आणि चळत केळीच्या दोरीने चौफेर बांधलेली. धक्का आधी चकतीच्या कडेला लागतो. हे केल्यापासून चुऱ्याच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या.

केळीच्या दोरीबद्दल मला मनापासून लिहायचंय. रावेर-यावलच्या पट्ट्यात घड कापला की खोडाचा उपयोग संपतो. ते तोडा, हलवा नाहीतर शेतातच कुजवा. त्याच खोडाचा धागा काढून वळलेली दोरी आम्ही यावल तालुक्यातल्या एका बचत गटाकडून घेतो. सॅटिनची रिबीन पॉलिएस्टरची असते. ही दोरी मातीत गेली तरी चालते, आणि पुण्यातल्या माणसाच्या हातात ती आली की पेटी कुठून आली हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. तिचा शत्रू फक्त ओल. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास आलेल्या एका लॉटला काळपट बुरशीचे ठिपके दिसले. धागा नीट वाळला नव्हता. तेव्हापासून पावसाळ्यापुरती दोरी मेमध्येच घेऊन डब्यात बंद ठेवतो.

पाऊस पुठ्ठ्यालाही सोसत नाही. दमट हवेत तो मऊ पडतो, खालच्या पेटीचे कोपरे दबतात. त्या चार महिन्यांत खोके जमिनीपासून उंच फळीवर ठेवायचे आणि रबरी शिक्क्याच्या जागी छापील कागदी लेबल लावायचं, कारण शिक्क्याची शाई थेंबाने पसरते.

कंपोस्टेबल कुरिअर पिशव्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आमच्या कामाला नाहीत. घेतलेल्या पिशव्यांवर प्रमाणपत्राचा क्रमांक होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हाळाभर पत्र्याखाली राहून त्यांची शिवण सुटू लागली. त्याहून मोठी अडचण पुढची. यातल्या बऱ्याच पिशव्या पूर्ण कुजायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली, साधारण ५८ अंशांची उष्णता लागते. कुंडीतल्या खतात ते होत नाही, आणि साध्या प्लॅस्टिकच्या भंगारात मिसळल्या तर तोही माल बिघडतो. नाशिकच्या एका ग्राहक ताईंनी फोन करून विचारलं, "खोका रद्दीत गेला, पण या पिशवीचं मी काय करू?" माझ्याकडे देण्यासारखं उत्तर नव्हतं. आता पिशवीच नाही, खोक्यावर थेट लेबल.

कायद्याचंही थोडक्यात. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्मही येते. भेटवस्तूंच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नाही, दुकानात ती फिल्म अजून सर्रास दिसते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. वेफर्स आणि पापडांना आतली पिशवी हवाबंदच लागते. नुसत्या कागदात ते आठवड्यात सादळतात. खाद्यपदार्थ थेट वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, म्हणजे तीही वाट बंद. काचेच्या बरण्या जड आणि फुटणाऱ्या. म्हणून आत अजून प्लॅस्टिकची पिशवी आहे, पण चंदेरी थराची नाही, एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे निदान भंगारवाला तरी घेतो. पेटीतल्या चिठ्ठीवर हे स्पष्ट लिहितो. पीठ मात्र मांजरपाटाच्या पिशवीत जातं. ती ग्राहक पुढे डाळीला वापरतात, आणि दोन-तीन जणींनी तर नुसत्या पिशव्याच मागवल्या.

संक्रांतीच्या तिळगुळाच्या पेट्यांसाठी माप घेऊन झालंय, खोकेवाल्याला नमुना दिलाय. तिळगुळाच्या वड्यांमध्ये घालायला मेण लावलेला कागद मिळतो, तो मधमाश्यांच्या मेणाचा की पॅराफिनचा हे विचारून मगच घेणार आहे. कुणी आधी वापरला असेल तर जरूर सांगा.