सीलबंद ‘ओरिजिनल’ व्हीसीडी, आत राइट केलेली सीडी

१९८५ ला ‘धूमधडाका’ चालला आणि मराठीत विनोदी चित्रपटांची रांगच लागली. गाजलेले आजही टीव्हीवर दिसतात. कमी पैशांत उरकलेले, आठवड्या-दोन आठवड्यांत थिएटरमधून उतरलेले मात्र अनेकदा फक्त जुन्या व्हीसीडीवरच (चित्रपटाच्या व्हिडिओ सीडीवरच) सापडतात. नाटकातल्या गुणी नटांना मोठी भूमिका मिळाली ती याच चित्रपटांत, म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी पदरमोड करतात. फसवणारे नेमकं हेच ओळखून आहेत.

तपासायला आलेला दोन डिस्कचा एक संच बघा. किंमत १,८०० रुपये, ‘सीलपॅक ओरिजिनल’. कव्हर रंगीत झेरॉक्स, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या. डिस्कवर गोल स्टिकर, खालची बाजू हिरवट. कारखान्यात निघालेली व्हीसीडी खालून स्वच्छ चंदेरी असते आणि तिचं लेबल थेट डिस्कवर छापलेलं असतं. काही कोऱ्या सीडीही फिकट चंदेरी दिसतात, म्हणून रंगावर थांबू नका. डिस्क कॉम्प्युटरला लावून ‘डॅट’ फाइलची, म्हणजे चित्रपट ज्यात साठवलेला असतो त्या फाइलची, तारीख पाहा. कव्हरवर २००३ आणि फाइल २०२१ ची, म्हणजे कॉपी मारलेली. चित्राच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो पुसल्याचा धुरकट चौकोनही होता, म्हणजे चित्रपट टीव्हीवरून उतरवलेला.

खरी चोरी लांबीत असते. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर फिल्मची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते. इथे ३,५६६ मीटर होते, म्हणजे १३० मिनिटं. आपल्याकडच्या व्हीसीडीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं जातात, त्यामुळे १२५ भरायला हवीत. दोन्ही डिस्क मिळून भरली ९८. दोन गाणी आणि शेवटची पळापळ गायब. अस्सल व्हीसीडीतही कधी गाणी कापलेली असतात, पण शेवट कापलेला नसतो.

पैसे देण्याआधी व्हिडिओ मागा: दोन्ही डिस्कची खालची बाजू उजेडात तिरकी धरून, आणि दुसऱ्या डिस्कची शेवटची पाच मिनिटं चालवून. ‘सील फोडलं की किंमत जाते’ असं उत्तर आलं तर व्यवहार सोडा. पार्सल उघडतानाचं सलग चित्रीकरण ठेवा. विक्रेता पैसे घेऊन गायब झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. दुकानाने डुप्लिकेट माल दिला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डुप्लिकेट डिस्क फेकू नका. ‘कॉपी, ९८ मिनिटं’ असं मार्करने लिहून ठेवा. अस्सल प्रत खराब निघाली, तर एखादा प्रसंग या कॉपीतूनच भरून काढावा लागतो.