पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन, आठेक महिने वापरल्यावर

आधी एक सांगून टाकते: मी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. दिंडोरीकडच्या घरात कित्येक वर्षं ओल्या लाकडांची चूल फुंकली, तिचा हा सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आपल्याकडे बायकांना हा आजार होण्याचं चुलीचा धूर हे एक मोठं कारण आहे. तरी दवाखान्यातल्या बाकावर शेजारची बाई पहिला प्रश्न विचारते तो, "मिस्टर ओढायचे का?"

दम लागतो म्हणून मशीन (ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर; पाच लिटरचं म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाच लिटर देणारं) आणलं, असं झालं नाही. तब्येत स्थिर असताना मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. ही सुई चांगलीच दुखते. त्यात ऑक्सिजनचा दाब ५५ च्या खाली निघाला, तेव्हा मिनिटाला २ लिटर, रोज किमान १५ तास, असं लिहून मिळालं. ही तपासणी झाल्याशिवाय पैसे घालू नका. ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी असतो अशा सीओपीडीच्या रुग्णांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. घरी ऑक्सिजन लावून त्यांचं आयुष्यही वाढलं नाही आणि दवाखान्यात भरती होणंही टळलं नाही.

मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. आतले झिओलाइटचे खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो. म्हणून ते भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवायचं नाही, त्याला मोकळी हवा लागते. मागून गरम झोत येतो. थंडीत बरा वाटला, वैशाखात नकोसा झाला. घरघर आणि मधूनच फुस्स, हे मशीन चालू असेपर्यंत सतत. शेवटी मशीन पॅसेजमध्ये नेलं आणि लांब नळी घेतली. आता दाव्याला बांधलेल्या गाईसारखी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाते.

उंबऱ्यापर्यंतच, कारण पुढे गॅस आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगीसुद्धा भडकते. पदर, केस, उशी सगळ्यात तो मुरलेला असतो. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. पंचवटीत राहून देवापुढे निरांजन लावायचं नाही! सासूबाईंच्या वेळेपासूनची समई आता सूनबाई लावते आणि मी दुसऱ्या खोलीतून हात जोडते. उदबत्ती बंदच केली, तिचा धूर तसाही मला सोसत नव्हता. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावू नका. तेलकट, पेट्रोलियमची वस्तू ऑक्सिजनजवळ नको. पाण्यात मिसळणारं जेल मिळतं, ते लावा.

दुसरी भानगड काट्याची, म्हणजे मिनिटाला किती लिटर सोडायचे ते ठरवणाऱ्या बटणाची. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ८९ टक्के दिसलं की मुलाचा हात मशीनच्या काट्याकडे जातो. कोविडमध्ये सगळ्यांच्या डोक्यात ९५ बसलंय. पण माझ्यासारख्यांना डॉक्टरांनी ८८ ते ९२ एवढंच ठेवायला सांगितलेलं असतं. काहींच्या बाबतीत ऑक्सिजन जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं ठणकतं, दिवसा गुंगी येते, आणि ती वाढली तर जिवावर बेतते. आता काट्याशेजारी कागद चिकटवलाय: "२. हात लावू नये." आणि पौष-माघात बोटं गार पडली की ऑक्सिमीटर काहीही दाखवतो. आधी हात चोळून गरम करा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

विजेबद्दल विक्रेत्याने अवाक्षर काढलं नव्हतं. मशीन साधारण ३५० वॅटचं. रोज १५ तास म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. घरगुती दर १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतात, त्यामुळे नुसते युनिट वाढत नाहीत, वरचे युनिट महागही पडतात. वीज गेली तर? वळवाच्या पहिल्या वाऱ्याला ती जातेच. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. १५० एएचच्या एका बॅटरीवर आमचं तीनेक तास निघतं. त्यापुढे बी टाइपचा भरलेला सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, साखळीने बांधून. त्यात दीड हजार लिटर असतात, २ लिटरने बारा तास पुरतात.

देखभाल फार नाही. हवेची जाळी आठवड्याला धुवायची म्हणतात, पण सिंहस्थासाठी रस्ते खणलेत, आमची चार दिवसांत करडी होते. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. नळाच्या पाण्याने आत पांढरा थर धरतो. ही कामं ह्यांनी घेतलीत आणि निवृत्त माणसाला शोभेल अशा गांभीर्याने चालू आहेत.

फरक काय पडला? पायाची सूज उतरली, झोप सलग लागते, दुपारी पेपर वाचताना डुलक्या येत नाहीत. जिना चढताना मात्र अजूनही दम लागतो, आंघोळीनंतरही लागतो. नळी लावली म्हणजे दम गेला, असं सांगणारा विक्रेता भेटला तर दुसऱ्या दुकानात जा. इनहेलर चालूच आहेत. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याचा व्यायामही रोज करते, आणि जिन्यावर तोच कामाला येतो.

घेताना आधी महिनाभर भाड्याने घ्या. आवाज, बिल, नळीचा गुंता हे दुकानात कळत नाही. जुनं घेत असाल तर आतला तासांचा मीटर बघा आणि ऑक्सिजनची टक्केवारी समोर मोजून मागा. खडे दमट हवेने कालांतराने निकामी होतात, तेव्हा मशीन घरघरतं, नळीतून हवाही येते, फक्त तिच्यात पुरेसा ऑक्सिजन नसतो.

नातेवाईक विचारतात, "वन्सं, याची सवय लागली तर?" चष्मा लावला तेव्हा यांच्यापैकी कुणी हे विचारलं नव्हतं.