स्लिपवर कापलेला टॅक्स भरलाच नव्हता

अमेरिकेत छोट्या फर्ममध्ये पहिली नोकरी धरणाऱ्यांसाठी, खास करून एच-४ ईएडीवाल्या (नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामुळे इथे येऊन कामाची परवानगी मिळालेल्या) मैत्रिणींसाठी हे लिहितेय. फर्म न्यू जर्सीतली, मालक मराठी, तोंडात कायम "ताई, घरचंच ऑफिस समजा." नाव घालत नाही, तक्रार चालू आहे.

२०२४ मध्ये दर पंधरवड्याला चेक आणि स्लिप मिळायची. ३,००० डॉलरवर सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन योजना) ६.२ टक्के म्हणजे १८६, मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के म्हणजे ४३.५०, शिवाय फेडरल आणि स्टेट टॅक्स. हिशेब सेंटपर्यंत चोख. असणारच, स्लिप छापायला काय लागतं! कापलेले पैसे मालकाकडेच राहतात. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमध्ये स्वतःचे तेवढेच ७.६५ टक्के घालून त्याने ते आयआरएसकडे (इथलं आयकर खातं) जमा करायचे आणि दर तिमाहीला त्याचा हिशेब फॉर्म ९४१ वर द्यायचा. तो भरतोय की नाही, हे नोकरदाराला दिसतच नाही.

डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा मालकाचा फॉर्म, द्यायची मुदत ३१ जानेवारी. मार्च उजाडला तरी उत्तर एकच, "सीपीए (अकाउंटंट) बघतोय, ताई." मग फोन उचलणं बंद. फेब्रुवारी संपला की आयआरएसला फोन करून सांगता येतं, ते मालकाला पत्र पाठवतात. माझ्या बाबतीत त्या पत्रालाही दाद मिळाली नाही. शेवटी डब्ल्यू-२ ऐवजी चालणाऱ्या फॉर्म ४८५२ वर डिसेंबरच्या स्लिपमधले वर्षाचे एकूण आकडे घालून रिटर्न भरलं. इन्कम टॅक्स आपल्या पगारातून कापला गेल्याचा पुरावा असेल, तर मालकाने तो भरला नसला तरी त्याचं श्रेय आपल्याला मिळतं. म्हणून स्लिपा जपा, चेक जमा झाल्याची बँक स्टेटमेंटंही.

दुसरा घाव उशिरा कळला. सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर आपलं खातं उघडून दरवर्षीची नोंदलेली कमाई बघता येते. नोंद चढायला वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलमध्ये शून्य दिसलं तर घाबरू नका. माझं मात्र वर्ष सरत आलं तरी शून्यच. नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर मालकाला दिला म्हणून काही होत नाही. त्याने डब्ल्यू-२ पाठवला तरच कमाई त्या नंबरावर चढते. पेन्शनला ४० क्रेडिट (नोंदलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे तिकडची पीएफची वर्षं इथे धरत नाहीत. दहा वर्षं पुरी व्हायच्या आत परतणाऱ्याच्या हाती तसंही काही लागत नाही, त्यात हे असं वर्ष गळायचं!

दुरुस्तीचा अर्ज म्हणजे फॉर्म एसएसए-७००८. मुदत साधारणपणे ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवस. म्हणजे २०२४ साठी १५ एप्रिल २०२८. तोही स्लिपांच्या जोरावरच केला.

फर्म बंद झाल्याचं ऐकलं. पण कापलेला टॅक्स जाणूनबुजून न भरणाऱ्या जबाबदार माणसाकडून आयआरएस ती रक्कम वैयक्तिक वसूल करू शकते, फर्मला टाळं लागलं तरी. फॉर्म ३९४९-ए वर तक्रार केली आहे. चौकशीचं पुढे काय झालं, ते तक्रारदाराला कळवत नाहीत.